पांढरा चट्टा आणि माझा नसलेला भाऊ

"हा कॅन्सर नाही," असं बारामतीच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मला कॅन्सर झाला आहे याची माझी त्याच क्षणी खात्री पटली.

ही गोष्ट दोन-तीन वर्षांपूर्वीची, पंचाण्णव सालची. मी तेव्हा इंदापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे खिडकीच्या आत बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारणारा माणूस. बाकीचे नियंत्रक गाडीचं नाव वाचून दाखवत. मी ते सादर करत असे. नरसिंहपूरची गाडी मी अशा काही आवाजात पुकारायचो, की ज्यांना भिगवणला जायचं असायचं तेही पिशवी उचलून दोन पावलं तिकडं सरकायचे. डाव्या गालात तंबाखूचा बार असल्याशिवाय हा आवाज लागत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

बारामतीला गेलो होतो ते दाढ काढायला. सोबत मेहुणा संपत. हा वडगाव निंबाळकरच्या दूध संकलन केंद्राचा सचिव. दातांच्या खुर्चीत मी एकटा बसणार नाही, हे माझ्या बायकोला, कुसुमला, ठाऊक होतं, म्हणून तिनं भावाला माझ्यामागं लावून दिलं होतं.

दाढ निघाली. बाईंनी कापसानं गाल पुसला. मग पुन्हा पुसला. मग दिवा जवळ ओढून तिसऱ्यांदा पुसला.

"काका, इथे पांढरा चट्टा आहे. तो पुसला जात नाही. याला ल्युकोप्लाकिया म्हणतात," त्या म्हणाल्या. "म्हणजे नुसता पांढरा चट्टा. हा कॅन्सर नाही. पण अशा चट्ट्यांपैकी काही पुढे कॅन्सरकडे वळतात. म्हणून पुण्याला जाऊन तुकडा तपासून घ्या आणि तंबाखू आजच बंद करा."

माझ्या तोंडात बोळा होता, त्यामुळं मी काही विचारू शकलो नाही, जे काय विचारलं ते संपतनंच. बाईंनी आरसा ठेवला, संपतकडं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर या."

संपलं. मी खुर्चीत आडवा, तोंडात बोळा, डोळ्यांवर दिवा, आणि दाराबाहेर माझा मेहुणा आणि डॉक्टर हळू आवाजात बोलतायत. दहा मिनिटं.

ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेलेला नाही, त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. पण आमच्याकडची रीत मला माहीत होती. आमच्याकडं पेशंटला कधीच काही सांगत नाहीत. डॉक्टर नातेवाइकाला बाहेर बोलावतो. नातेवाईक बाहेर ऐकतो, नळावर जाऊन तोंड धुतो आणि वेगळाच चेहरा लावून आत येतो.

लोणी भापकरला माझे थोरले चुलतभाऊ होते, आबा. त्यांच्या घशाला गाठ झाली, तेव्हा तो वेगळा चेहरा माझा होता. जत्रेतल्या नाटकात मी दरवर्षी असायचो, म्हणून घरच्यांनी एकमतानं मला आत ढकललं. मी आबांच्या खाटेवर बसलो, त्यांच्या मांडीवर थाप मारली आणि हसत हसत म्हणालो, "आबा, गरमी हाय नुसती. कॅन्सर बिन्सर काय न्हाय. पंधरा दिसांत मटण खाताल." आबा हसले. बाहेर आल्यावर सगळे मला म्हणाले, झकास जमलं. आबा तो हिवाळा बघू शकले नाहीत. पण आपला इतका बेमालूम अभिनय आजवर झाला नव्हता, असं मला वाटायचं आणि दोन-चार जणांना मी तसं सांगितलंही होतं.

तर "कॅन्सर नाही" हे वाक्य माझं स्वतःचं होतं. ते आता कुणीतरी माझ्यावरच वापरत होतं, आणि माझ्यापेक्षा बरं म्हणत होतं.

स्टँडवर येऊन आम्ही कँटीनमध्ये बसलो. मला काही खाता येत नव्हतं. संपतनं स्वतःसाठी मिसळ मागवली, एक घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले.

"रडू नगं संपत," मी बोळ्यातून म्हणालो.

"कोन रडतंय दाजी? तिखट हाय."

हा माणूस बांधावर बसून भाकरीबरोबर हिरव्या मिरच्या कच्च्या चावणारा. त्यानं मिसळ तशीच सरकवून दिली आणि खिडकीबाहेर बघत बसला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. किती जीव लावतो हा आपल्याला, असं वाटून मलाही भरून आलं.

घरी गेल्यावर कुसुमनं मऊ भात आणि दूध वाढलं. दाढ काढलेली होती, हे खरं. पण वीस वर्षांत या बाईनं मला ताप असतानाही पिठलं-भाकरी वाढलेली आहे. मी भात चिवडत तिच्याकडं बघत होतो. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"संपत काय म्हनला?" मी विचारलं.

"काय म्हननार? चट्टा हाय म्हनला. पुन्याला जा म्हनला."

"अजून?"

"अजून काय? जेवा."

पुढच्या आठ दिवसांत मी जे गोळा केलं, ते सगळं पुरावा म्हणून होतं. कुसुमनं माझ्या बहिणीला पत्र टाकलं. संपत, जो सणासुदीलाच यायचा, तो आठवड्यात दोनदा आला. दोघं परसात उभे राहून बोलायचे आणि मी दारात आलो की दुभत्या म्हशीचा विषय निघायचा. आमच्याकडं म्हैस नव्हती.

त्यात आमचं एसटी खातं. स्टँडवरची बातमी गाडीबरोबर जाते आणि प्रत्येक थांब्यावर थोडी मोठी होते. इंदापुरात माझ्या तोंडात चट्टा होता. भिगवणला पोचेपर्यंत त्याची गाठ झाली. नरसिंहपूरहून परत आलेल्या कंडक्टरनं माझ्या खिडकीत डोकं घातलं, मी जिवंत असल्याचं बघितलं आणि ओशाळून म्हणाला, "न्हाय, तिकडं कायतरी वायलंच ऐकलं."

मी तंबाखू सोडली असं जाहीर केलं होतं. खातच होतो. पार्सलच्या खोलीत, खोक्यांच्या आड. मरायचंच आहे तर कशाला सोडायची, असा माझा हिशोब होता आणि तो मला बिनतोड वाटत होता.

पुण्याच्या रुग्णालयात पहिल्या दिवशी संपतबरोबर चार तास बाकावर बसलो. तिथले बाक भिंतीला लावलेले होते आणि समोरच्या भिंतीवर तोंडांचे रंगीत फोटो होते. सगळे लोक छताकडं बघत होते.

सर्जन तरुण होते. त्यांनी आधी तोंडात आंबट पाण्याची चूळ भरायला लावली आणि मग चट्ट्यावर निळा रंग फासला. टोल्युइडिन ब्लू असं त्याचं नाव. जिथं पेशींची गडबड चालू असते तिथं हा रंग धरून बसतो, बाकीचा धुऊन जातो. तुकडा नेमका कुठून घ्यायचा हे त्यावरून ठरतं. मी आरशात पाहिलं, माझी जीभ आणि दात नाटकातल्या राक्षसासारखे निळे झाले होते. मला गंमत वाटली. चूळ भरली तेव्हा सगळं गेलं, एका कोपऱ्यात नखाएवढा निळा डाग तेवढा उरला. मग गंमत वाटली नाही.

तिथून त्यांनी बायोप्सी घेतली. म्हणजे गाल बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा आणि एक टाका घालायचा. दुखत नाही. ज्यांची व्हायची आहे त्यांनी हिची तरी धास्ती घेऊ नये.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. मॉडरेट डिसप्लेशिया. सर्जननी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या गालाचं आतलं अस्तर म्हणजे पेशींची रांग. खालची नवी पेशी शिस्तीत वर सरकते, वर जाऊन म्हातारी होते आणि गळून पडते. डिसप्लेशिया म्हणजे ही रांग मोडायला लागली, मधेच कुणी घुसतंय, कुणी अंगानं फुगलंय. आमच्या खिडकीसमोर जत्रेच्या दिवशी होतं तसं. पण कठडा अजून शाबूत आहे. कठडा तोडून पेशी खाली घुसल्या की त्याला कॅन्सर म्हणायचं.

"म्हणजे हा कॅन्सर नाही," सर्जन म्हणाले.

पुन्हा तेच वाक्य. मी मान डोलावली. मीही आबांसमोर इतक्याच सहज म्हणालो होतो.

मग त्यांनी एक कागद पुढं केला. त्याच तुकड्यावर आणखी एक तपासणी करायची होती, अभ्यासासाठी. पी-फिफ्टीथ्री नावाची. ही म्हणे बायोमार्कर आहे, म्हणजे शरीरातली अशी खूण, जिच्यावरून कुठला चट्टा पुढं बिघडेल हे आधी ओळखता येईल का, हे ते शोधत होते. मी सही केली आणि मनात नोंद केली. कॅन्सर नाही, तर मग आणखी तपासणी कशाला? सही कशाला? आणि "रिपोर्टला तीन आठवडे लागतील, फोन नंबर द्या" म्हटल्यावर सोबत आलेल्या संपतनं चटकन दूध केंद्राचा नंबर कसा दिला? आमच्याकडं फोन नव्हता, हे खरं. पण तो फारच चटकन दिला.

चौथा आठवडा उलटला. मी दर दोन दिवसांनी वडगावच्या गाडीबरोबर निरोप पाठवायचो. उत्तर यायचं, "दाजींना सांगा, फोन आला न्हाय." रविवारी संपत घरी आला. कुसुमनं त्याच्यासाठी भाकरी दुधात कुस्करली. झणझणीत रस्सा समोर असताना हा दुधात कुस्करलेली भाकरी खात होता, तीही लहान लहान घास करून. अन्न गोड लागत नाही बिचाऱ्याला, मी म्हटलं. नंतर परसातून कुसुमचा आवाज आला, "त्यास्नी यवढ्यात सांगू नगंस. आदीच जीव टांगनीला लागलाय."

माझ्या कानांनी ऐकलं. पुराव्याचं काम संपलं.

आता मला खरं हवं होतं, आणि खरं कुणाला सांगतात हे मला माहीत होतं. नातेवाइकाला. पेशंटला ते कधीच मिळणार नाही. मला सख्खा भाऊ नाही. म्हणून मी एक तयार केला.

त्याचं नाव प्रभाकर. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. भिगवणला किराणा दुकान. मी मिशी काढली, एका ड्रायव्हरचा सफारी मागून घेतला, चष्मा सासऱ्यांच्या ट्रंकेतून काढला. त्यातून समोरचं सगळं थोडं वाकडं दिसायचं. सर्जनच्या दवाखान्यात मला ओळखणारे होते, पण तपासणी करणारी प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत होती आणि तिथं मला कुणी पाहिलेलं नव्हतं. सकाळच्या पुणे गाडीत बसलो. कंडक्टरनं दोनदा मागं वळून पाहिलं. मी त्याला दोन्ही वेळा ओळख दिली नाही.

प्रयोगशाळेत डॉक्टर परचुरे म्हणून बाई होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, केस आखूड, टेबलावर काचपट्ट्यांचे ट्रे. मी सर्जनच्या दवाखान्याची चिठ्ठी पुढं केली आणि आवाज बदलून म्हणालो, "मी पेशंटचा भाऊ. प्रभाकर. आमचे बंधू स्वभावानं फार हळवे आहेत. तेव्हा काय असेल ते मला स्पष्ट सांगा. मी खंबीर आहे."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, माझ्या चष्म्याकडंही पाहिलं आणि स्टूल सरकवलं. "बसा. रिपोर्ट कालच तयार झालाय. इथे बघा."

मी सासऱ्यांचा चष्मा काढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळसर शेतात तपकिरी ठिपके, तळाच्या बाजूला दाट, वर जाताना विरळ.

"तपकिरी आहे ते पी-फिफ्टीथ्री," त्या म्हणाल्या. "हे पेशीतलं प्रथिन. पेशीत बिघाड झाला, की हे तिला अडवतं. आधी दुरुस्त हो, मग पुढे जा. दुरुस्त होत नसेल तर मर. काम झालं की ते स्वतः विरून जातं, म्हणून चांगल्या पेशीत रंग दिसत नाही. पण हे प्रथिनच बिघडलं तर ते अडवायचं सोडतं आणि विरतही नाही. साठून राहतं. मग असं तपकिरी दिसतं."

हा तर आमचा कंट्रोलर. ब्रेक गेलेली गाडी स्टँडबाहेर न सोडणारा. तोच बिघडला तर दिवसभर खिडकीत बसून राहणार आणि गाड्या आपल्या सुटतच राहणार. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण प्रभाकरचं किराणा दुकान होतं, म्हणून गप्प बसलो.

"म्हणजे त्याला कॅन्सर आहे," मी म्हणालो.

"नाही."

"होणार?"

"माहीत नाही."

"मॅडम, मी नातेवाईक आहे. मला सांगायला हरकत नाही. हवं तर बाहेर येतो."

"बाहेर कशाला? पेशंट आत कुठे आहे?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मी काहीच लपवत नाहीये. असा रंग आलेले काही चट्टे बिघडतात. काही वर्षानुवर्षं तसेच बसून असतात. कधीकधी रंग न आलेलाही बिघडतो. या खुणेवर किती विसंबायचं, हेच तर आम्हाला शोधायचंय. तुमच्या भावाबद्दल मला आज एवढंच सांगता येतं, की धोका आहे, तो किती आहे ते कळत नाही, आणि चट्टा काढून टाकावा."

मी स्टुलावर बसून राहिलो. दीड महिना मला वाटत होतं, की कुठंतरी बंद दाराआड माझं खरं ठेवलेलं आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. दार उघडून मी आत आलो होतो, आणि आत बसलेल्या बाईलाच ते माहीत नव्हतं. कॅन्सर आहे म्हणाल्या असत्या तर मी तयार होतो. चेहराही तयार होता.

"तंबाखू खातात का ते?" बाईंनी पेन उचललं.

"सोडली म्हणतो."

"म्हणतात. आणि?"

आता प्रभाकरनं काय करायचं? प्रभाकरला भावाचा जीव वाचवायचा होता. "खातो," मी म्हणालो. "पार्सलच्या खोलीत लपून खातो. दिवसातून सात-आठ वेळा. घरी कुणाला ठाऊक नाही." बोलताना माझ्याच जिभेला तो डाव्या गालातला टाक्याचा व्रण लागत होता. इतके दिवस मी हे माझ्या नावानं कुणाला सांगू शकलो नव्हतो.

बाईंनी लिहून घेतलं. "बरं. ती सुटली पाहिजे, आणि चट्टा काढल्यावरही दर तीन महिन्यांनी यायला हवं. आता हे सगळं तुम्ही भावाला सांगणार ना?"

"सांगतो की."

"काय सांगाल? म्हणून दाखवा मला. लोक इथून एक ऐकून जातात आणि घरी दुसरंच सांगतात."

म्हणून दाखवा, असं मला आयुष्यात कुणी म्हटलं की मी उभाच राहतो. उभा राहिलो. समोरच्या रिकाम्या खुर्चीत भावाला बसवलं, त्याच्या नसलेल्या मांडीवर थाप मारली आणि हसत सुरू केलं, "अरे, घाबरतोस काय? गरमी हाय नुसती. कॅन्सर बिन्सर काय न्हाय, पंधरा दिसांत..."

मी तिथंच थांबलो. तोच आवाज होता. तीच थाप.

"हे मी नाही सांगितलं," परचुरे बाई म्हणाल्या. "गरमी हा शब्द मी वापरला नाही. पुन्हा सांगा."

दुसऱ्यांदा सुरू केलं तर शब्द सापडेनात. मी, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, त्या रिकाम्या खुर्चीसमोर हात लोंबकळत उभा. शेवटी म्हणालो, "तुझ्या गालातल्या पेशींची रांग मोडलीय. कठडा अजून आहे. तो तुटेल का, ते डॉक्टरांनाबी म्हाईत न्हाय. चट्टा काढायचा. तंबाखू सोडायची. दर तीन म्हैन्यांनी यायचं." मग थोडं थांबून म्हणालो, "आन् मला लई भ्या वाटतंय."

"शेवटचं मी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या, "पण ते राहू द्या." त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिली. जिन्यात येऊन वाचली. "पेशंटला बुधवारी सर्जरीसाठी पाठवावे. प्रभाकर यांना सोबत आणण्याची आवश्यकता नाही."

मी पुण्याहून थेट वडगावला गेलो. संध्याकाळची दुधाची वेळ होती, केंद्रावर कॅनची रांग लागलेली. संपत काट्याजवळ उभा होता. माझी मिशी गेलेली बघून त्याच्या हातातलं माप खाली आलं.

"दाजी, काय झालं?"

मी त्याला गोठ्याच्या बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं, खुर्चीला सांगितलं होतं तसंच. वर म्हणालो, "तर आता तू आन् तुझी भन माझ्यापासून काय लपवताय ते सांग. मी ऐकलंय परसातलं."

संपतनं आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग त्यानं उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडाजवळ नेली. बोटं आत जाईनात. दोन धरली. तीही जाईनात. दीड बोटावर त्याचं तोंड थांबलं.

"बारामतीच्या बाईंनी त्या दिशी मला ह्येच्यासाठी भाईर नेलतं," तो म्हणाला. "मी बोलताना त्यांनी बघितलं. गुटख्यानं गाल आतनं आवळलंत म्हनल्या. मिरची लागली की आग हुती नुसती. तुमचं हे असं चाललेलं, त्यात माझं कुठं काढू? म्हनून ताईला शपथ घातली."

ती मिसळ. ती दुधातली भाकरी. दीड महिना मी समजत होतो की हा माझ्यासाठी झुरतोय.

"म्हंजी तू माझ्यासाठी रडत नव्हतास?"

"तवाच सांगितलं की. तिखट हाय म्हनून."

त्याच्या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारी आणि गुटख्यानं गालाच्या आतला मऊ भाग वाळलेल्या चामड्यासारखा ताठ होतो आणि तोंड हळूहळू मिटत जातं. तोही कॅन्सर नाही, आणि त्याच्या पुढं काय होईल तेही कुणी छातीठोक सांगत नाही. म्हणजे एका घरात दोन तोंडं, दोन्ही संशयित, आणि दोघांनी एकमेकांच्या भल्यासाठी ती मिटून ठेवलेली.

कुसुमला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. तिनं आधी माझ्या मिशीची चौकशी केली. मग चुलीपुढं बसून म्हणाली, "येकानं गप ऱ्हायची शपथ घालावी, तर दुसरा रोज तोंडाकडं टकामका बघतोय. मी काय करावं म्हनता?" मग ती रडली, आणि या वेळी ते कशासाठी याचा मला संशय आला नाही.

बुधवारी आम्ही दोघं पेशंट पुण्याला गेलो. परचुरे बाई व्हरांड्यात भेटल्या. माझ्या मिशीच्या जागेकडं बघून म्हणाल्या, "प्रभाकररावांना नमस्कार सांगा." मी खाली मान घातली.

चट्टा काढला. गाल बधिर करून तासाभरात झालं. काढलेलं सगळं पुन्हा तपासलं, तेव्हा त्यात कॅन्सर निघाला नाही. हा रिपोर्ट मी स्वतःच्या नावानं, स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. तीन आठवडे मला बोलायची बंदी होती. माझ्या जागी जो आला तो गाड्या अशा पुकारायचा, की लोक त्याला पुन्हा विचारायला खिडकीत यायचे. मी पाटीवर खडूनं लिहून दाखवायचो.

तंबाखू सुटायला मात्र चट्ट्याहून जास्त वेळ लागला. दोनदा पुन्हा सुरू झाली. दोन्ही वेळा मी परचुरे बाईंना सांगितलं, आणि त्यांनी ते अभ्यासाच्या फायलीत लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. संपतच्या गालात इंजेक्शनं दिली आणि त्याला व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि आठवड्याला एक वाढवायची. दूध केंद्रावर माणसं त्याला विचारायची, "सचिव, आज किती काड्या?" दीड बोटाचं तोंड सव्वादोन बोटांवर आलंय. मिरची अजून लागते.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या तोंडात काहीतरी दिसलं असेल. उजेडात आरसा घेऊन बघा. पांढरं किंवा लाल काही पुसून जात नसेल, तिखटाची आग होत असेल, तीन बोटं आत जात नसतील, तर दाखवून या. "कॅन्सर नाही" असं डॉक्टर म्हणाले, तर आधी विश्वास ठेवा आणि मग पुढचे प्रश्न विचारा. भाऊ तयार करू नका. सफारी उसना मिळतो, पण त्याला घामाचा वास येतो.

आणि तुम्ही नातेवाईक असाल, तर एकटे बाहेर जाऊ नका.

दर तीन महिन्यांनी आम्ही जातो. सर्जन गाल बघतात. परचुरे बाईंच्या फायलीत एक ओळ वाढते, "बदल नाही. पुढचे सांगता येत नाही." त्या इमारतीत मी जेवढी वाक्यं ऐकली, त्यातलं एवढं एकच असं, ज्याचा मला कधीच संशय आला नाही. त्याबद्दल मी त्या बाईंचा ऋणी आहे. माझ्यापुढं उगाच धीराचा चेहरा त्यांनी कधी आणला नाही.

मागच्या खेपेला आमच्या शेजारी बाकावर एक म्हातारे आणि त्यांचा मुलगा बसले होते. म्हाताऱ्यांच्या गालाला रुमाल बांधलेला. दार उघडून सिस्टरनं हाक दिली, "पेशंटचे नातेवाईक?" मुलगा उठला. म्हातारे छताकडं बघू लागले.

"तात्या, तुमीबी जावा की आत," मी म्हणालो.

"मी कशाला? त्यो ऐकून येतोय की."

"गाल तुमचा हाय म्हनून."

मुलानं माझ्याकडं रागानं पाहिलं. तो राग माझ्या ओळखीचा होता. म्हाताऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मुलाकडं. रुमालाची गाठ त्यांनी घट्ट केली, काठी टेकून उठले आणि सिस्टर दार लावायच्या आत मुलाच्या मागोमाग आत गेले.